चुन्याचं भाजणं

माझं काम लोकांची थुंकी गोळा करण्याचं आहे. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हात थोडा मागे घेतो. पुण्याकडच्या एका नातेवाईक बाईंनी लग्नाच्या पंगतीत मला विचारलं होतं, एवढं शिकून हेच का. मी म्हटलं, हो, हेच, आणि त्यांच्या पानात आणखी एक जिलबी वाढली.

कुंभकोणममधल्या एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत आमची छोटी प्रयोगशाळा आहे. तोंडाचा कर्करोग डोळ्यांना दिसायच्या आधी लाळेत त्याची काही खूण उतरते का, हे शोधणाऱ्या एका मोठ्या अभ्यासाला आम्ही इथून नमुने पाठवतो. या खुणांना बायोमार्कर म्हणतात. काही प्रथिनं असतात, काही जनुकांशी संबंधित बारीक तुकडे. तोंडातल्या पेशी बिघडायला लागल्या की त्यांचं लाळेतलं प्रमाण बदलतं असं दिसतं, पण अजून तरी आमच्या नळीतल्या लाळेवरून कुणालाही 'तुला आहे' किंवा 'तुला नाही' असं सांगता येत नाही. ते सांगायचं तर तोंड उघडावं लागतं, आत उजेड पाडावा लागतो, आणि संशय आला तर कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. मी हे प्रत्येक शिबिरात घसा कोरडा होईपर्यंत सांगते, आणि प्रत्येक शिबिरात कुणीतरी नळी माझ्या हातात देऊन विचारतं, अम्मा, रिपोर्ट संध्याकाळी मिळेल ना.

शिबिरं आसपासच्या गावांत असतात. चोळपुरमला एका आजोबांनी नळी काठोकाठ भरून दिली आणि आणखी हवी असेल तर संकोच करू नका म्हणाले. बायकांचं मात्र उलटं. थुंकी म्हणजे उष्टं, आणि उष्ट्याचा विटाळ आमच्याकडे अजून हाडात मुरलेला आहे. इथे जुनी माणसं पाणी पितानासुद्धा भांड्याला ओठ लावत नाहीत, वरून धार धरतात. अशा बाईला नळीत थुंक म्हणायचं, आणि ती नळी परक्या बाईनं हातात घ्यायची, म्हणजे दोघींनाही लाज. तिरुनीलक्कुडीला एका म्हातारीनं नळी तर भरली, पण ती माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवली आणि मला हात जोडले.

आमची घरं या मुलखात मराठी राजांच्या काळात आली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असं आमचं चालतं. आमच्या बोलण्याला महाराष्ट्रातले लोक हसतात. मी इथे लिहिते आहे ती मराठी पुस्तकं वाचून शिकलेली आहे. घरात मी अशी बोलले असते तर अक्कानं मला ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून पाहिलं असतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची, ती आणि भाऊजी, दोघंच. मुलगी लग्न करून दूर गेलेली. भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन आणि अतिशय अबोल. बायकोशी त्यांचं बोलणं तीन विषयांवर चालायचं: कॉफी झाली का, पेपर आला का, मागचं दार लावलं का. अक्काला बोलायला फार आवडायचं. ती भाजीवाल्याशी बोलायची, तुळशीशी बोलायची, माझ्याशी तर भांडायचीच. भाऊजींशीही बोलायची, पण ते पेपराच्या मागून हूं म्हणायचे, आणि बऱ्याचदा तेही नाही.

त्या घरात एकच गोष्ट जगावेगळी होती. दुपारचं जेवण झालं की भाऊजी अक्काला पान लावून द्यायचे. बाकी सगळ्या घरांत बायको नवऱ्याला देते. याचं मूळ त्यांच्या लग्नात होतं. विडा तोडण्याच्या खेळात अक्का लाजून तोंडच उघडेना, सगळा मांडव हसायला लागला, तेव्हा भाऊजींनी तो विडा दातांतून काढून नुसता तिच्या हातात ठेवला आणि खेळ संपवला. ते तेव्हापासून सुरू झालं ते कधी थांबलं नाही. देठ खुडायचा, शिरा सोलायच्या, बोटानं पानाच्या पाठीवर चुना फिरवायचा, वर शीवल म्हणजे सुपारीचे पातळ कातरे, आणि गुलाबपाण्यातल्या तंबाखूचा चिमटा. घडी घालून तिच्या हातात द्यायचं आणि परत पेपर उचलायचा. अक्का ते पान डाव्या गालात धरून दुपारभर बसायची. हे सगळं मी लहानपणापासून बघत आले होते, आणि पुढे शिकून आल्यावर त्याबद्दल ओरडतही आले होते. तंबाखू सोड, सुपारी सोड. अक्का म्हणायची, तुज लोकांच्या थुंकीचा पगार मिळतो, मज माझं पान खाऊं दे.

आमच्या अभ्यासाला तुलनेसाठी निरोगी माणसांचीही लाळ लागते. मला वाटलं, घरातूनच सुरुवात करावी. नमुना घेताना डॉक्टर तोंड तपासतात, म्हणजे त्या निमित्तानं अक्काच्या तोंडात एकदा कुणीतरी बघेल, हाही माझा हेतू होता, आणि तो तिला कळला. पाठच्या बहिणीच्या हातात मी थुंकायचं का, असं म्हणून तिनं मला त्या दिवशी जेवायलासुद्धा थांबवलं नाही. मी गावोगाव फिरून लोकांची तोंडं उघडत होते आणि माझ्या बहिणीचं तोंड बंद. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, फक्त कळसा काखेत आहे हे मला चांगलं ठाऊक होतं.

दिवाळीच्या सुमारास अक्काच्या गालाची आतून आग व्हायला लागली. सांबार झोंबायचं, लोणचं लागायचं. तिनं आरशात पाहिलं तर आत पांढरा डाग. घरात कुणालाच काही वाटलं नाही, कारण आमच्याकडे या गोष्टीला नाव आहे: चुन्याचं भाजणं. पान खाणाऱ्या प्रत्येक घराला ते माहीत असतं. चुना जास्त झाला की गाल पोळतो, पांढरी साल येते, थोड्या दिवसांत निघून जाते. वर तूप लावायचं किंवा खोबरेल. आणि आमच्याकडे असा पांढरा डाग दिसला की कुणी तोंडाकडे बघत नाही, सगळे चुना लावणाऱ्याकडे बघतात.

तसं सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. अक्कानंच पहिल्यांदा सांगितलं, तुमचा हात जड झाला. भाऊजी इतके खजील झाले की मी तसं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुना निम्मा केला. मग डबीतला चुना टाकून शिंपल्याचा नवा आणला, तो घरी भिजवला, फडक्यातून गाळला. आणि रोज दुपारी, पान दिल्यावर, पेपर न उचलता ते समोर बसून राहायचे आणि विचारायचे, "आज भाजलं काय?"

अक्का कधी म्हणायची, थोडं. कधी म्हणायची, कालच्याहून कमी. मग ते विचारायचे, कुठे, वर की खाली, तूप लावलं का, कॉफी गार करून देऊ का. मी दुपारची जेवायच्या सुट्टीत तिथे असले की हे ऐकायची आणि मला हसू यायचं. म्हातारपणी दोघांचं हे बरं चाललंय, असं मी माझ्या नवऱ्याला घरी येऊन सांगितलेलंही आठवतं. अक्का त्या दिवसांत चांगल्या साड्या नेसायला लागली होती.

पोंगल, म्हणजे इकडची संक्रांत, आलं तरी डाग गेला नाही. आता मला हसू येईना. चुन्यानं भाजलेलं इतके दिवस राहत नाही, हे मी तिला सांगितलं, समजावून सांगितलं, ओरडून सांगितलं. दाखव म्हटलं की ती पदर तोंडावर घ्यायची. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, ह्यांनी परत चुना जास्ती लावला, मणून होतंय. आणि भाऊजी बिचारे मान खाली घालायचे. त्यांनाही मी बोलले. ते म्हणाले, आज मी अगदी नखभर लावला होता गं. त्यांची दृष्टी आता बोटाच्या टोकावरून हलतच नव्हती.

एके दिवशी मी गेले तेव्हा अक्का दहीभात खात होती. नुसता, लोणच्याशिवाय, आणि घास एवढासा, चिंचोक्याएवढा. उजव्याच बाजूनं चावत होती. जेवण झाल्यावर भाऊजींनी पान लावलं आणि मी पाहिलं, त्यांनी चुन्याची डबी उघडलीच नाही. मी विचारलं, हे कधीपासून. ते म्हणाले, झाले बरेच दिवस, आता चुना बंदच केला आहे. मग त्यांनी नेहमीसारखं अक्काला विचारलं, आज भाजलं का. आणि अक्का म्हणाली, भाजलं.

मी उठले. भाऊजींचं पेपर वाचायचं भिंग आणि माझ्या मोबाइलचा दिवा घेतला आणि अक्काला म्हटलं, तोंड उघड, नाहीतर मी इथे या जमिनीवर बसते आणि उठत नाही. तिनं उघडलं. पूर्ण उघडलंच नाही, दोन बोटंही नीट मावली नसती. डाव्या गालात आत पांढरं होतं, त्याच्या मधोमध लाल, आणि लालच्या मधोमध एक खळगा, ज्याची कड उचललेली होती. मी डॉक्टर नाही. पण असल्या कडा मी शिबिरांत डॉक्टरांच्या खांद्यावरून पुष्कळ पाहिल्या आहेत.

आमच्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिनं हातमोजा चढवलेलं बोट त्या कडेवरून फिरवलं, मग अक्काच्या जबड्याखाली आणि मानेवर दाबून पाहिलं.   तुकडा काढला, बाटलीत टाकला, आणि मला बाहेर बोलावून म्हणाली की रिपोर्ट यायच्या आधी तिरुच्चीच्या कर्करोगाच्या हॉस्पिटलात वेळ घेऊन ठेवा. भाऊजी बाकावर बसले होते. त्यांनी मला विचारलं, चुन्याचंच ना. मी म्हटलं, बघू या.

चुन्याचं नव्हतं. गालातून जबड्याच्या हाडाकडे सरकलेलं होतं आणि मानेत एक गाठ होती.

शस्त्रक्रियेच्या आधी अक्कानं मला स्वतःहून नळी मागितली. आमच्या अभ्यासाला रोग झालेल्यांचीही लाळ लागते हे तिला माहीत होतं. मला ती निरोगी माणसांच्या खोक्यात हवी होती. ती दुसऱ्या खोक्यात आली. तिला आता थुंकता येत नव्हतं. मान पुढे करून ती नुसती बसली, आणि मी नळी ओठांना लावून धरली. लाळ माझ्या बोटांवरून ओघळली. नळी बंद करून मी बर्फात ठेवली तेव्हा अक्का उठली, तांब्या आणला आणि माझ्या हातांवर पाणी घातलं. हातमोजे आहेत म्हटलं तरी ऐकेना. मोजे काढायला लावले आणि पुन्हा पाणी घातलं. तेव्हा पहिल्यांदा मला तिच्यासमोर रडू आलं, आणि त्यावरूनही तिनं मला झापलं.

तिरुच्चीला तिचा डावा गाल, जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या. छातीवरचं मांस आणून गालाला लावलं. मग किरणोपचार. परत आली तेव्हा दिवसभर बोलणारी माझी बहीण वाडग्यातून बोलल्यासारखी बोलत होती. भाजीवाल्याला कळायचं नाही. तो हो हो म्हणून पुढे जायचा आणि ती दारात उभी राहायची. नातेवाईक भेटायला यायचे आणि तिच्याऐवजी माझ्याकडे बघून तिची चौकशी करायचे. मी एकदोघांना उठवून लावलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून किती गप्प बसायचं.

भाऊजी तिचं सगळं करायचे. पेज गाळायचे, नळीतून भरवायचे, टाके पुसायचे. पान त्यांनी स्वतःही सोडलं. घरातली पितळी तबकं त्यांनी कुठे नेऊन टाकली कुणास ठाऊक. माणूस आणखी अबोल झाला होता, आणि आता त्याचं कारण वेगळं होतं. येताजाता ते आपल्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे बघायचे. मी एकदा त्यांना समजावलं की चुन्यानं एकट्यानं हे होत नाही, सुपारी आणि तंबाखूनं होतं, उशीर झाला कारण आपण सगळे चुना चुना करत बसलो. त्यांनी शेवटचं तेवढंच ऐकलं.

पुढच्या पावसाळ्यात मानेवर पुन्हा गाठ आली. तिरुच्चीच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच. अक्काला आम्ही सांगितलं नाही आणि तिनं आम्हाला विचारलं नाही. आमच्या घरांत हे असंच चालतं, सगळ्यांना सगळं कळलेलं असतं.

त्या दिवसांतली एक दुपार. भाऊजी औषधं आणायला गेले होते. मी तिच्या उशाशी बसून तिच्या केसांना तेल लावत होते. तिनं माझा हात धरून थांबवला. तिचं बोलणं तोवर मला पुरतं कळायला लागलं होतं.

"चुना नव्हता, तें मज ठाऊक होतं," ती म्हणाली.

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतेय. विचारलं, कधीपासून. तिनं सांगितलं, पोंगलच्याही आधीपासून. भाऊजींनी पान दिलं की ती न्हाणीत जाऊन पानाची घडी उघडायची, चुना धुऊन टाकायची आणि मग पान तोंडात ठेवायची. तरी आग व्हायची. डाग वाढत होता हे ती रोज आरशात बघत होती. मी शिबिरांत लोकांना दाखवते ती चित्रं माझ्या पिशवीत असायची, तीही तिनं काढून पाहिली होती. म्हणजे सगळं तिला कळत होतं.

मी म्हटलं, मग सांगितलं कां नाहीं. माझा आवाज चढला होता.

 ती एकेक शब्द काढत म्हणाली, "ते रोज विचारीत होते. इतक्या वर्षांत कधीं विचारलं नाहींत. चुना नाहीं मटलं असतं तर मज तुझ्याकडे धाडून दिलं असतं, आणि परत पेपर घेऊन बसले असते."

मला दुःख झालं असं लिहायला हवं. मला राग आला. त्यांचा राग आला, की या बाईला एवढ्याशा विचारपुशीसाठी आपला गाल जाळत बसावं लागलं. तिचा राग आला, की ती बसली. आणि मी पोरीसारखी ते बघून हसत होते, घरी जाऊन कौतुकानं सांगत होते, त्या दुपारींचाही राग आला. बर्फाच्या पेटीत ठेवलेल्या आमच्या त्या नळ्यांत प्रथिनं सापडतील, तुकडे सापडतील, सगळं सापडेल, फक्त हे सापडणार नाही. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तेल लावत राहिले. अंगणात भाऊजींच्या चपला वाजल्या तेव्हा तिनं मला मान हलवून नाही म्हणून खुणावलं. मी समजले.

अक्का मार्गळीत, म्हणजे धनुर्मासात, गेली. शेवटचे दिवस फार वाईट होते आणि मी ते लिहिणार नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मी भाऊजींना जेवण द्यायला जात असे. एका दुपारी ते जेवून उठले नाहीत, ताटावर तसेच बसून राहिले. मग त्यांनी मला तोच प्रश्न विचारला, चुन्यानं झालं काय. मी पुन्हा सगळं सांगितलं, सुपारी, तंबाखू, वर्षानुवर्षं गालात धरून ठेवणं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, हिशेबात काय उरलं ते त्यांच्या लक्षात आलंच.

"मग चुना बंद केल्यावरहि ती मज चुनाच मणून कां सांगत होती?"

त्यांचा हात ताटात वाळत होता. मी तांब्या उचलला आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं.

"तिला कळलं नव्हतं, भाऊजी," मी म्हणाले.